स्मारकावर माझं नाव

ज्याच्या हातात आजच रिपोर्ट पडलाय, त्यानं हे आधी वाचावं. बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालतंय. त्याला मला एवढंच सांगायचंय, की बाबा, तू भ्यालास त्यात काही चुकलं नाही. मी फौजेत हवालदार होतो. तरी त्या दिवशी कोल्हापूरच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर मी बसकण मारली. माझी बायको सुनंदा पाण्याची बाटली आणायला गेली होती. ती येईस्तोवर तोंड सरळ करून ठेवलं, पण ती लांबूनच म्हणाली, "काय सांगिटलं ओ?"

रिपोर्ट घ्यायला एकट्यानं आत जाऊ नका. मी शहाणपणा करून गेलो, तिला मुद्दाम बाहेर पाठवलं, आणि डॉक्टरीणबाई काय बोलल्या त्यातलं निम्मं अजून मला आठवत नाही.

मुरगूडजवळ आमचं गाव. म्हशी, थोडा ऊस आणि फौजेची पेन्शन, असं बरं चाललं होतं. मानेतली गाठ पहिल्यांदा न्हाव्याला सापडली. दाढी करता करता त्याचा हात थांबला. "फौजी, ह्ये काय ओ हितं? आवळ्याएवढं लागतंय की." मी म्हटलं, उठलं असंल काहीतरी, तू वस्तरा चालव. नंतर कितीतरी दिवस मी तिथं हातसुद्धा लावला नाही. हात लावला नाही म्हणजे गाठच नाही, असली माझी अक्कल. मग ताप यायला लागला, घामानं उशी भिजायला लागली, विजार कमरेवर टिकेना. सुनंदानं ओढत कोल्हापूरला नेलं. तिथं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. आजाराचं नाव त्यांनी घेतलं ते मला कळलं नाही. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काका, रक्ताच्या कॅन्सरच्या घरातलाच आहे हा. पण याला औषध चांगलं लागू पडतं." त्यातला एकच शब्द मी ऐकला. कुठला ते सांगायला नको.

मग त्यांनी विचारलं, नोकरी काय होती? फौजेत, इंजिनिअर पलटणीत. कुठंकुठं होता? मी ठिकाणं सांगत गेलो आणि वाळवंटाशी येऊन अडलो. अणुबाँबची चाचणी झाली तेव्हा आमची तुकडी तिथं कामाला होती. इतकी वर्षं मी हे कुणापुढं बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. लिहिता लिहिता बाईंचं पेन थांबलं. जरासंच थांबलं, पण मला ते दिसलं.

"त्याच्यामुळं झालं काय ह्ये?"

"सांगता येत नाही, काका."

"म्हंजे झालं असंल?"

"म्हणजे खरंच सांगता येत नाही. ज्यांनी वाळवंट कधी बघितलं नाही, त्यांनाही हा आजार होतो."

बाई खरं बोलत होत्या, हे आता कळतंय. तेव्हा वाटलं, बया लपवतीया.

*

वाळवंटातलं फार सांगण्यासारखं नाही. आम्ही खड्डे खणले, वाळू उपसली, वायरी पुरल्या, वर जाळी टाकून सगळं झाकलं. कशासाठी, ते विचारायचं नाही. उन्हानं कातडं सोलून निघायचं, तोंडात सारखी वाळू. आमच्या गावचे आम्ही तिघं होतो तिथं. मी, तानाजी आणि सर्जेराव. तानाजी रोज म्हणायचा, "इष्णू, गावाकडं विहीर खणायला सांगितली आस्ती तर दांडी मारली आस्ती रं." माझं नाव विष्णू, पण गावात ते कुणाच्या तोंडात बसलं नाही.

एक दिवस आम्हाला लांब नेऊन बसवलं. पायाखालची जमीन हलली. लांबवर धुळीचा डोंगर उभा राहिला. आम्ही टोप्या उडवल्या, नाचलो, घसा बसेस्तोवर जयजयकार केला. अजूनही मला त्या दिवसाची लाज वाटत नाही, अभिमानच वाटतो. कुणी आमच्याशी वाईट वागलं, कुणी काही चुकवलं, असं मी म्हणत नाही. मला तसं काही ठाऊकच नाही. पण भीतीला पुरावा लागत नाही. सलाईन चालू असताना डोळे मिटले की तो धुळीचा डोंगर माझ्याकडं चालत यायचा.

आणि एक गोष्ट मी सुनंदालाही बोललो नव्हतो. वाळवंटातून सुट्टीवर आलो, त्यानंतरच्या वर्षी आमची प्राजक्ता झाली. आमची एकुलती एक. आता ती मलकापूरला नांदते आणि पोटुशी होती. माझ्या रक्तात काही आलं असेल तर ते तिच्यात गेलं काय, आणि तिच्यातून त्या पोटातल्या जिवात? माझं मरण मी कसंबसं गिळलं असतं. हे काही केल्या गिळवेना.

*

औषधाच्या दिवशी पहाटे निघायचं. खुर्च्यांची रांग, प्रत्येकाच्या हाताला नळी, आणि सगळ्यांची नजर वरच्या बाटलीकडं. नर्सबाई "मामा, मूठ आवळा" म्हणायची आणि मी आवळायचो. शीर सापडली नाही तर तीच बिचारी "सॉरी मामा" म्हणायची. एकदा मी म्हटलं, "बाळ, माझ्या म्हशीला इंजेक्शन देताना मी एवढं सॉरी म्हणत न्हाई." ती हसली. तेवढ्यानं मला दिवसभर बरं वाटलं.

घरी आल्यावर तोंडभर फोड. कोल्हापूरच्या माणसाला तिखट बंद म्हणजे काय, ते इथलाच माणूस समजेल. शेजारच्या घरात रश्शाला फोडणी पडली की मी उठून मागल्या दारी जायचो आणि गुरगुट्या भात चमच्यानं ढकलायचो. डोक्याचे केस गेले, भुवया गेल्या. गोठ्यात जायचं नाही म्हणून सांगितलेलं, जंतू लागतात म्हणे. एकदा न राहवून लांबूनच हाक मारली, तर माझी लाडकी म्हस मान फिरवून फुसफुसली. अंगाला औषधाचा वास येत असणार. मी घरात येऊन रडलो. सुनंदा म्हणाली, "म्हशीपायी रडतासा व्हय?" मी म्हटलं, व्हय. म्हशीवर ढकललं तर रडता येत होतं.

सुनंदा मात्र माझ्यासमोर कधी रडली नाही. तिचा राग निघायचा भांड्यांवर. पातेलं आपटलं की मी समजायचो, आज हिला लई भ्या वाटतंय. आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून भीती लपवत होतो, आणि दोघांनाही सगळं दिसत होतं.

*

आता स्मारकाच्या दगडाचं.

तानाजी मागल्या वर्षी गेला. कावीळ झाली, पोट फुगलं, मग पोटाचाच कॅन्सर निघाला. सर्जेराव त्याआधीच गेला होता. पण तो उसाच्या ट्रॉलीखाली सापडून. तरी गावात बोलणं काय? "तिघं बाँबावर गेलती, दोघांना बाँबनं खाल्लं." सर्जेरावाला ट्रॉलीनं मारलं, हे गाव सोयीनं विसरलं.

दिनकर सुभेदार आमच्या गावच्या माजी सैनिकांचे म्होरके. मिशा पांढऱ्या, आवाज असा की शेजारच्या गावची कुत्री उठावीत. त्यांनी ठरवलं, तालमीसमोर स्मारक करायचं. अणुचाचणीवर गेलेल्या आपल्या जवानांचं. काळा दगड, त्यावर शेजारी शेजारी तीन नावं, आणि वर ओळ: 'अणुचाचणीत देशासाठी बळी गेलेले आपल्या गावचे वीर.'

मी म्हटलं, "सुभेदार, मी अजून हाय की ओ."

"आरं हाईस की! म्हणून तर गडबड चाललीया. तुज्या डोळ्यांदेखत व्हाया पायजे."

मनानं सोन्यासारखा माणूस, पण बोलला ते माझ्या काळजात जाऊन बसलं. आमच्याकडं वारलेल्यांच्या दगडावर जित्या माणसाचं नाव घालत नाहीत. आणि इथं माझं नाव खडूनं आखूनसुद्धा झालेलं. मी तालमीवरनं जायचं सोडलं.

*

औषधाच्या तिसऱ्या खेपेचा दिवस. जावयांची गाडी मला घरी सोडायला येत होती. उलटी येत होती म्हणून काचेला डोकं टेकून बसलेलो. गाव आलं, एसटी स्टँडचा फाटा आला, आणि समोर भला मोठा फ्लेक्स. स्मारकाच्या उद्घाटनाचा. वर तिरंगा, खाली तेवती समई, मधे तीन फोटो. तिन्ही फोटोंना हार. तिसरा मी.

खाली ठसठशीत अक्षरात: भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्याखाली तीच ओळ, बळी गेलेले वीर.

कोल्हापूर जिल्ह्यात फ्लेक्सवाचून पान हलत नाही. वाढदिवस, निवड, बैलाचा नंबर आला, सगळ्याला फ्लेक्स. तालमीच्या पोरांनी फोटो दिले, मुरगूडच्या फ्लेक्सवाल्याकडं श्रद्धांजलीचं तयार डिझाईन होतं, त्यात त्यानं तिघांना बसवलं. कुणी वाचून बघितलं नाही. सुभेदार नंतर आले, टोपी हातात घेऊन उभे राहिले. "हार चुकून पडला रं इष्णू. डिझाईन तसलंच हुतं."

पण त्या घडीला गाडीत मला हे काही माहीत नव्हतं. मी माझ्या मेलेल्या तोंडाकडं बघत होतो. फोटोतला मी हसत होतो, फौजेतला फोटो, डोक्यावर भरपूर केस. मला वाटलं, सगळ्यांना कळलंय, मलाच कुणी सांगितलं नाही. जावयांनी गाडी जोरात पुढं घेतली. 

तासाभरात फोटो मोबाईलवरनं सगळ्या पाहुण्यांत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरुंदवाडची मावशी आली. म्हातारी स्टँडपासून ऊर बडवत आली. "इष्ण्या रंऽऽ माज्या सोन्या रंऽऽ" गल्ली गोळा झाली. मी उंबऱ्याशी दुधाचा पेला घेऊन बसलेलो. मला बघून ती गप झाली. डोळे फाडून बघितलं, जवळ आली, माझ्या टकलावर एक चापट हाणली.

"मुडद्या, जित्ता हाईस व्हय!"

आणि मग माझ्या गळ्यात पडून ती खरी रडली. सगळी गल्ली हसली. सुनंदा हसली. मीही हसलो. पण मावशीचा तो हंबरडा अगदी खरा होता, आणि मला कळलं की मी गेलो की असंच होणार, आज मला ते आधीच ऐकायला मिळालं.

*

त्याच दिवशी मलकापूरहून विहीणबाईंचा फोन आला. बाई वाईट नाहीत. आवाज उतरलेला होता.

"पावणं, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय की."

"त्ये फ्लेक्सवर लिवलंय त्ये खरं काय हो? बाँबच्या किरणांचं? आमच्या सूनबाईला, बाळाला काय हुईल काय?"

मी पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंना विचारलं. इतके दिवस जीभ उचलत नव्हती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, मुलीची तपासणी व्यवस्थित आहे ना? मग बाळाला काही होईल असं समजायला मला तरी काही कारण दिसत नाही. तुम्ही उगाच स्वतःला जाळू नका." मी बाहेर येऊन तसाच मलकापूरला फोन लावला. विहीणबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय ओ पावणं. पर दगडावरबी तसंच लिवणार न्हवं? गाव काय उगंच लिवंल?"

प्राजक्ताचं डोहाळजेवण ठरलं होतं. ते त्यांनी पुढं ढकललं. कारण सांगितलं, आबांची, म्हणजे माझी, तब्येत. कारण ते नव्हतं. पोर मला फोनवर म्हणाली, "आबा, तुमी मनाला लावून घेऊ नका." आणि तिचा आवाज चिरकला. ती स्वतःच भ्यालीय हे मला कळलं. माझ्या आजारानं माझ्या पोरीला तिच्याच पोटातल्या बाळाचं भ्या घातलं होतं.

मी सुभेदारांकडं गेलो. म्हटलं, ती ओळ काढा. बळी म्हणून लिहू नका. कामावर होतो एवढंच लिहा. सुभेदार म्हणाले, "मी काढतो रं. पर शालनला कोण सांगणार? ती ओळ तिनंच मागितलीया."

शालन वहिनी म्हणजे तानाजीची बायको.

*

वहिनी परड्यात शेणी थापत होत्या. हात धुऊन आल्या, पाट टाकला. मी लांबच बसलो, तोंडाला फडकं बांधून. त्यांनी माझ्या टकलाकडं बघितलं आणि नजर काढली. तानाजीचंही असंच झालं होतं.

मी बोललो सगळं. पोरीचं, विहीणबाईंचं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भावजी, एक सांगा. खरं सांगा. त्या कामापायीच गेलं काय ह्ये?"

मला खोटं बोलता आलं असतं. कुठल्याही बाजूनं. पण माझ्याच आजाराचं मला माहीत नव्हतं, तिथं तानाजीचं काय सांगू? मी म्हटलं, "मला ठाऊक न्हाई, वहिनी. डॉक्टरलाबी न्हाई."

"गाव तुमच्यापुढं बाँबचं बोलतंय. माज्या माघारी काय म्हंतंय ठावं हाय? दारू पिऊन मेला. पोट फुगलं म्हंजे दारूच. त्येंनी कवा थेंब न्हाई घेतला. थेंब न्हाई! तुमी संगं हुतासा, तुमाला ठावं हाय."

"ठाऊक हाय."

"ती ओळ आसली की कुनी तोंड उघडणार न्हाई." त्यांनी पदरानं हात पुसले, कोरडे होते तरी. "आणि आणखी एक म्हंत्यात. इष्णू जगला तर बाँबचं काय न्हवतं. इष्णू गेला तर बाँबच हुता. समदी तुमच्याकडं बघून बसल्यात भावजी."

 एवढे दिवस गल्लीतनं जाताना लोक का टक लावून बघतात, ते मला समजलं. मी मेलो असतो तर या बाईचा नवरा गावाला वीर दिसला असता. मी जगलो तर तो दारुडा.

"मी देवाला तुमचं वाईट न्हाई मागितलं," त्या म्हणाल्या. "आईची शपथ. पर फ्लेक्सवर तुमचा फोटो बघितला तवा..."  तोंडात पदर कोंबून त्या रडल्या. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

डोळे पुसून म्हणाल्या, "पोर कितव्यात हाय?"

"सातवा सरला."

"डोहाळजेवण?"

"थांबवलंय त्येंनी."

वहिनी उठल्या. चुलीवर चहा टाकला. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाल्या, "सांगा सुभेदाराला. तुमी म्हंतासा तसं कोरा म्हणावं."

"मग तानाजीचं?"

"त्येंचं मला ठावं हाय न्हवं? बास की."

चहात साखर जास्त पडली होती. फोडांवर झोंबत होता. मी सगळा प्यालो.

*

दगडावरची ओळ बदलल्यावर मलकापूरला डोहाळजेवण झालं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, गर्दीत जायचं नव्हतं. प्राजक्ताला मी मोबाईलवर बघितलं, हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत. शेजारी विहीणबाई, हसऱ्या. मधल्या स्कॅनमध्ये माझी गाठ बरीच विरघळली होती. बाई म्हणाल्या, छान आहे, पण अजून औषध पुरं करायचंय, मग शेवटचा स्कॅन, मग बघू. 'मग बघू' या दोन शब्दांवर माझा मुक्काम आहे. बाळ अजून यायचंय. मलकापूरचा फोन वाजला की अजून मी तो सुनंदाला उचलायला लावतो. भीती गेली असं लिहिलं तर ते खोटं होईल.

तुम्हाला जमलं तर तुमची भीती एका माणसाला तरी सांगून टाका. मी सुनंदाला सांगितली, रक्ताची, पोरीची, सगळी. ती म्हणाली, "मला पयल्या दिवसापासनं त्येच भ्या वाटत हुतं." दोघांनी मिळून भ्यायला थोडं सोपं जातं, एवढाच माझा अनुभव.

उद्घाटनाला मी गेलो. खुर्ची टाकून मला बाजूला बसवलं होतं. सुभेदारांनी पडदा ओढला. वर कोरलं होतं: 'अणुचाचणीच्या कामावर गेलेले आपल्या गावचे जवान.' खाली तीन नावं, शेवटचं माझं. नावांखाली दगडाचीच पट्टी काढलेली, फुलं ठेवायला. सुभेदारांनी भाषण केलं. त्यात मधेच, कागदात नसताना, ते ओरडून म्हणाले, "आणि तानाजीनं आयुष्यात दारूला हात लावला न्हाई, ह्ये मी फौजेची शपथ घिऊन सांगतो!" कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

सलामी झाली. शालन वहिनी शेवंतीची फुलं घेऊन पुढं आल्या. तानाजीच्या नावाखाली एक ठेवलं आणि थोडा वेळ दगडाला हात लावून उभ्या राहिल्या. सर्जेरावाच्या नावाखाली एक ठेवलं. त्याच ओघात त्यांचा हात माझ्या नावाकडं गेला. मी खुर्चीवरनं बघत होतो.  सुनंदानं माझा दंड गच्च धरला.

वहिनींचा हात तिथंच थांबला. त्या वळल्या, सगळ्या गावासमोरनं चालत माझ्यापर्यंत आल्या आणि फूल माझ्यापुढं धरलं.

"ह्ये दगडाला न्हाई," त्या म्हणाल्या. "हातात घ्या, भावजी."

मी घेतलं.